आगगाडीतली शेजारीण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



गेल्या वर्षी चेरीच्या बहरात आम्ही उभयता जपान पाहून आलो. तेथील देवळे आणि बागा तुम्ही चित्रांत पाहिल्याच असतील. मी आज फक्त एका शेजारणीविषयी बोलणार आहे.

टोकियोहून ओसाकाला जाताना शिन्कान्सेन गाडीत माझ्या शेजारी साठी उलटलेल्या एक बाई होत्या. मी डब्यातली शंकरपाळी पुढे केली आणि दोघींच्या मोडक्या इंग्रजीत गप्पा सुरू झाल्या.

१९८० साली त्या ओसाकाच्या एका कचेरीत लागल्या. पुरुषांच्या आधी येऊन टेबले पुसायची, सर्वांना चहा द्यायचा, कोणाचा पेला कोणता ते ध्यानात ठेवायचे. लग्न ठरताच राजीनामा! याला तिकडे 'कोतोबुकि ताइशा', म्हणजे मंगल निवृत्ती म्हणतात. वास्तविक लग्न होताच नोकरी सोडण्याची अट टोकियोच्या न्यायालयाने १९६६ सालीच रद्दबातल ठरवली होती.

"पण मला कोणी काढलेच नाही," बाई हसून म्हणाल्या. "मीच उठले. तशी रीतच होती."

१९८६ साली समान संधीचा कायदा अंमलात आला. भरती आणि बढतीच्या बाबतीत तो मालकांना आधी नुसते 'प्रयत्न करा' म्हणे. भेदभावास बंदी झाली ती १९९९ पासून. आता बाईंची मुलगी आई झाल्यावरही टोकियोत नोकरी करते. मात्र पाळणाघर गाठण्यासाठी तिला वेळेवर निघावे लागते. इतरांआधी निघणाऱ्याने तेथे म्हणावे लागते, 'ओसाकि नि शित्सुरेइ शिमासु' – तुमच्याआधी जाते, क्षमा असावी.

"बाकीचे रात्री म्हणतात, माझी मुलगी दिवसाउजेडी म्हणते," बाई म्हणाल्या. "काम पुरे केलेले असते, तरी मान खाली घालून!"

भगिनींनो, मला एकदम माझी सून आठवली. तीही रोज दारात चपला काढताना म्हणते, "आई, आज जरा उशीरच झाला हं." मी बोलत काही नसे, पण घड्याळाकडे पाहत असे. त्या मुलीला कचेरीतून निघताना क्षमा मागावी लागते, माझ्या सुनेला घरी येताना.

परत आल्यापासून मी एवढेच केले आहे : ती यायच्या सुमारास चहाचे आधण ठेवते आणि घड्याळाकडे पाठ करून बसते. अजून ती 'उशीर झाला' म्हणतेच. सवय लगेच जात नाही, तिचीही आणि माझीही. पण आपल्यापैकी ज्या सासवा आहेत, त्यांनी हे करून पाहावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेते.