मुलींचा फुटबॉल आणि विद्यापीठाची वर्षे



आजचा विषय काहींना किरकोळ वाटेल. मुलगी शाळेत असेपर्यंत तिच्या फुटबॉलचे आपल्याला कौतुक असते. विद्यापीठात प्रवेश मिळताच मात्र ‘आता खेळ पुरे’ असे आपणच तिला सांगतो. मुलाच्या बाबतीत आपण इतकी घाई करीत नाही. हा भेद शरीराचा की मनाचा, याचा विचार व्हावयास हवा.

26 डिसेंबर 1920 रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर महिलांचा सामना पाहण्यास सुमारे 53 हजार प्रेक्षक लोटले होते. पुढच्याच डिसेंबरात इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने हा खेळ स्त्रियांना अयोग्य ठरवला आणि आपल्या क्लबांची मैदाने त्यांना बंद केली. काही डॉक्टरांनीही या मताला दुजोरा दिला होता. ही बंदी सुमारे पन्नास वर्षे टिकली. त्या एका वर्षात स्त्रीचे शरीर बदलले नव्हते. तिच्या पायाखालचे मैदान काढून घेण्यात आले होते.

आशियातही मुली मागे नव्हत्या. 1977 च्या आशियाई महिला स्पर्धेत आपल्या या सिंगापूरने तिसरा क्रमांक मिळविला आणि 1985 च्या बँकॉक येथील आग्नेय आशियाई स्पर्धेत रौप्यपदक पटकाविले. भारतीय महिला 1980 मध्ये कालिकत येथे व 1983 मध्ये बँकॉक येथे आशियाई उपविजेत्या ठरल्या. परंतु नियमित सामन्यांवाचून गुण टिकत नाही. भारतात महिलांची राष्ट्रीय लीग 2017 मध्ये उभी राहिली. सिंगापूरची महिला प्रीमियर लीग मध्यंतरी खंडित होऊन 2022 साली नव्याने सुरू झाली.

ही उणीव विद्यापीठ कशी भरून काढू शकते, हे अमेरिकेने दाखविले. तेथे 1972 च्या कायद्याने सरकारी अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेदास मनाई झाली. त्याचा लाभ क्रीडांगणालाही मिळाला. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचा महिला संघ 1979 साली उभा राहिला. 1982 ची पहिली राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धा त्याने जिंकली आणि 2024 पर्यंत अशी 22 विजेतेपदे मिळविली. चीनमधील 1991 चा पहिला महिला विश्वचषक अमेरिकेने जिंकला, त्या संघातील मिया हॅम याच विद्यापीठाची विद्यार्थिनी. सिंगापूरची डॅनेल टॅन अमेरिकेतील विल्यम अँड मेरी या विद्यापीठातून खेळली आणि 2023 मध्ये जर्मनीच्या बोरुसिया डॉर्टमुंड क्लबात दाखल झाली.

आता वैद्यकीय बाजू. मुलींमध्ये गुडघ्याच्या अस्थिबंधाला इजा होण्याचे प्रमाण मुलांपेक्षा अधिक असते, हे आम्ही डॉक्टर नाकारीत नाही. परंतु त्यावर उपाय आहे. नॉर्वेत किशोरवयीन मुलींच्या क्लबांमध्ये झालेल्या व 2008 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, खेळापूर्वी वीस मिनिटांचा विशिष्ट व्यायाम करणाऱ्या संघांतील इजा सुमारे एक-तृतीयांशाने कमी आढळल्या. मुलीला वारंवार थकवा येत असेल, पाळी अनियमित होत असेल किंवा थांबली असेल, तर रक्त तपासून घ्यावे. तिच्या आहारात लोह व पुरेसे अन्न आहे ना, हे पाहावे. ही कारणे उपचाराची आहेत, खेळ सोडविण्याची नव्हेत. आणि अभ्यासाची चिंता असेल, तर वेळापत्रक तिच्यासोबत बसून आखावे.

मित्रहो, शिक्षणासाठी आपल्या आईवडिलांनी पोटाला चिमटा घेतला, म्हणून आपण येथवर पोहोचलो. त्यामुळे अभ्यासाविषयीची आपली काळजी स्वाभाविक आहे. पण परक्या देशात वाढणाऱ्या मुलीला संघात अकरा जणींची सोबत मिळते. हरूनही पुढच्या आठवड्यात पुन्हा उभे राहण्याची सवय लागते. ही शिदोरी कोणत्याही गुणपत्रिकेत नोंदली जात नाही. येथील विद्यापीठांतून मुलींचे संघ आहेत. तिचे नाव तेथे नोंदले जावे, आणि तिच्या सामन्याला आपण सहकुटुंब हजर राहावे, एवढीच आमची विनंती आहे.

जयभीम!