ज्वारीच्या पानावरचे पिवळे पट्टे

मंडळी, आज वैरणीबद्दल बोलू. ज्वारी म्हटली की लोक दाणा मोजतात. पण सोलापूर-मंगळवेढ्याकडे जाऊन विचारा, शाळू कशाला पेरता? दाणा घराला आणि कडबा गोठ्याला, असेच उत्तर येईल. पाऊस ओढला, की दाण्याहून कडब्याचीच चिंता मोठी. त्या कडब्याला खाणारा एक रोग आपण ओळखून घेऊ.

ज्वारी गुडघ्याला लागली, की बांधावरून पाहून परत फिरू नका. रानात शिरा. पोंग्याजवळचे पान हातात घ्या, उजेडासमोर धरा. शिरांच्या मधून बुडाकडून टोकाकडे गेलेले फिकट पिवळे पट्टे दिसतात का? ताट खुजे आहे का? पेरे आखूड आहेत का? मग तो पट्टे रोग समजा. लहानपणीच रोग लागला, तर कणीस पोटरीत अडकते, नाहीतर येतच नाही. वैरणही निम्मीशिम्मी.

पुष्कळजण म्हणतात, "गुरुजी, खत कमी पडलंय, युरिया टाकतो." अहो, थांबा! नत्र कमी पडले तर खालची जुनी पाने आधी पिवळी पडतात, आणि रानाचा तुकडाच्या तुकडा फिका दिसतो. रोगाचे ताट हिरव्या ताटांत एकटे-दुकटे उभे असते. त्याला कितीही खत घाला, पैसे मातीत.

हा रोग विषाणूचा. २०२० साली कोरोना आला आणि हा शब्द घराघरांत गेला. पण विषाणूचा पहिला माग माणसाला पिकातच लागला. रशियात इव्हानोव्हस्की यांनी १८९२ साली रोगट तंबाखूचा रस अतिबारीक गाळणीतून गाळला. जंतू वर अडकायला हवे होते. तरी गाळलेल्या रसाने चांगली झाडे आजारी पडली. इतका बारीक हा जीव!

त्याला पाय नाहीत, पंख नाहीत. त्याला एका ताटावरून दुसऱ्या ताटावर नेतात ते तुडतुडे. पोंग्यात बसून ते रस पितात. एकदा विषाणू पोटात गेला, की तो तुडतुडा जन्मभर रोग वाटत हिंडतो. मादीच्या अंड्यांतून तो पिल्लांतही उतरतो. बियाण्यातून मात्र हा रोग येत नाही.

रोगट ताट बरे करणारे औषध नाही. फवारा तुडतुड्यांवर चालतो, विषाणूवर नाही. फवारायचेच तर कृषी सहाय्यकाला विचारून फवारा, आणि किती दिवस वैरण कापायची नाही तेही विचारा. आमच्या मते पहिले काम हाताचे. चार-दोन ताटे दिसताच मुळासकट उपटा आणि रानाबाहेर न्या. बांधावर टाकू नका. खरिपाच्या ज्वारीचे बुडखे फुटले असतील तर तेही काढा. त्या फुटव्यांवर तुडतुडे तग धरतात आणि मग शाळूवर येतात.

आता नीट ऐका. उपटलेली ताटे गोठ्यात टाकण्याचा मोह होईल. हा विषाणू गुरांना बाधत नाही, हे खरे. पण कोवळ्या, खुरटलेल्या ज्वारीत विष असते. हिरवी खाल्ली तर म्हैस घटकाभरात आडवी होते. कडबा काही मूठभर ताटांनी वाढत नाही. म्हैस गेली तर घर बसते. ती ताटे खड्ड्यात पुरा.

चवळीचे थोडे निराळे आहे. तिची पाने कुठे गर्द, कुठे फिकी, सुरकुतलेली दिसली, तर तो केवडा रोग. तोही विषाणूचाच. मावा तो पसरवतो, आणि हा रोग बियाण्यातूनही येतो. म्हणून वैरणीच्या चवळीचे बी घरचे ठेवणार असाल, तर शेंगा धरण्याआधीच निरोगी वेलांना चिंधी बांधून ठेवा. वाळल्यावर सगळे वेल सारखेच दिसतात.