टकळी आधी, चरखा मागाहून
(सुवर्णमहोत्सवी मेळाव्यातील भाषण)



अखंड बोलणाऱ्याची 'टकळी चालू आहे' असे आपण म्हणतो. आज माझी टकळी खऱ्याखुऱ्या टकळीविषयीच चालणार आहे. घरी सूत कातण्याची हौस पुष्कळांना होते. ते उत्साहाने पेटी-चरखा आणतात, आठ दिवस धागा तुटत राहतो आणि चरखा दिवाणखान्यात शोभेची वस्तू होऊन बसतो. दोष हाताचा नसतो. साधने निवडण्याचा क्रम चुकलेला असतो.

प्रथम टकळी घ्यावी. एक चकती आणि एक काडी, एवढाच तिचा संसार. कित्येक घरांत आजोबा ओसरीवर बसून जानव्याचे सूत तिच्यावरच काढीत. घेताना ती वाटीत फिरवून पाहावी. न डगमगता फिरली, तर काडी चकतीच्या बरोबर मध्यावर आहे असे समजावे. टकळीवर काम सावकाश होते. म्हणूनच पेळूतून तंतू किती सोडावेत आणि पीळ किती द्यावा, हे बोटांना उमगते.

धागा सलग येऊ लागला, की मग पेटी-चरखा. 1930 साली पुण्याच्या येरवडा तुरुंगात गांधीजींनी सुटसुटीत चरख्याचे प्रयोग केले. पेटी-चरख्याला 'येरवडा चक्र' हे नाव त्यावरूनच मिळाले. त्यात मोठे चाक लहान चाकाला आणि लहान चाक चातीला फिरवते. त्यामुळे हाताच्या एका फेऱ्यात चाती कितीतरी वेळा फिरते; मात्र चूकही तितक्याच वेगाने होते. खरेदी करताना पेटीची नक्षी न पाहता चाती पाहावी. ती काचेवर घरंगळवावी. किंचित वाकडी असली तरी धागा थरथरतो आणि तुटतो.

तमिळनाडूतील एकांबरनाथ यांनी घडविलेला अंबर चरखा अनेक चात्यांचा. उपजीविकेसाठी कातणाऱ्याला तो उपयोगी. फावल्या वेळच्या हौसेला त्याचा व्याप झेपत नाही.

बदलीच्या नोकरीत बिऱ्हाड आटोपशीर ठेवावे लागते, हे आपणांस सांगावयास नको. टकळी पिशवीच्या कोपऱ्यात मावते. ती नातवंडांच्या हाती द्यावी. त्यांचे पहिले सूत जाडेभरडे, गाठाळ निघेल. ते फेकून देऊ नये. त्याची वात वळून देवापुढच्या समईत लावावी. स्वतःच्या हातचे सूत जळताना पाहिलेले मूल दुसऱ्या दिवशी पुन्हा कातावयास बसते.