एचआयव्हीच्या कामात सामाजिक संस्थांची साथ

(जागतिक एड्स दिनानिमित्त रुग्णालयाच्या सभागृहात झालेल्या मेळाव्यातील रुग्णालय प्रशासकांच्या भाषणाचा मजकूर)



आम्ही वैद्यकीय शिक्षण घेतलेले नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन, हिशेबाच्या वह्यांच्या वाटेने आम्ही रुग्णालयाच्या कामात आलो. रोगाविषयी बोलण्याचा अधिकार डॉक्टरांचा आहे. आम्ही आज बोलणार आहोत ते या कामाच्या जमाखर्चाविषयी, आणि विशेषतः ज्या खर्चाला अंदाजपत्रकात सहसा रकानाच नसतो त्या खर्चाविषयी.

भारतात एचआयव्हीची बाधा प्रथम १९८६ मध्ये तेव्हाच्या मद्रास शहरात उघडकीस आली. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि त्याच वर्षी आपल्या शेजारी, भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत, राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. म्हणजे आपल्या औद्योगिक पट्ट्याचा या लढ्याशी संबंध अगदी आरंभापासूनचा आहे. त्या काळी औषधांचा खर्च सुखवस्तू कुटुंबालाही झेपत नसे. २००१ मध्ये 'सिप्ला' या भारतीय कंपनीने तीन औषधांचा एकत्रित उपचार दिवसाला एका डॉलरहूनही कमी दरात देऊ केला आणि जगभरातील चित्र पालटले. १ एप्रिल २००४ पासून महाराष्ट्रासह सहा राज्यांत शासनाने ए.आर.टी. औषधे मोफत देण्यास प्रारंभ केला. २०१७ पासून तर निदान झालेल्या प्रत्येकाला, पेशींची संख्या खाली येण्याची वाट न पाहता, उपचार सुरू करण्याचे धोरण आहे. आज बहुतेकांना दिवसाला एक गोळी पुरते. ती नियमित घेऊन रक्तातील विषाणूचे प्रमाण चाचणीत न दिसण्याइतके खाली आले आणि तसेच राहिले, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला बाधा होत नाही. बाधित मातेलाही वेळेवर उपचार मिळाल्यास निरोगी बाळ होऊ शकते.

औषध आहे, ते मोफत आहे आणि गुणकारीही आहे. तरीही देशात सुमारे २५ लाख व्यक्ती एचआयव्हीसह जगत आहेत, राज्यांमध्ये त्यांची सर्वांत मोठी संख्या महाराष्ट्रात आहे, आणि माणसे उपचाराबाहेर राहतात, सुरू केलेला उपचार मध्येच सोडतात. असे का होते, हे आम्हाला कागदपत्रांवरून कधी कळले नसते.

काही वर्षांपूर्वी एका बांधकामावर सेंट्रिंगचे काम करणारा तरुण आपल्याकडे क्षयरोगासाठी आला. त्याच्या संमतीने तपासणी झाली, एचआयव्हीचे निदान झाले. आपल्या डॉक्टरांनी त्याला पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयातील ए.आर.टी. केंद्रासाठी चिठ्ठी लिहून दिली. आमच्या नोंदवहीत 'पुढे पाठविले' असा शेरा पडला आणि आमच्या लेखी प्रकरण पूर्ण झाले. तो तेथे पोहोचलाच नाही, हे आम्हाला चार महिन्यांनी, त्याला स्ट्रेचरवरून पुन्हा आणले तेव्हा समजले. त्या खेपेस त्याला वाचविता आले नाही. पुढे एका संस्थेच्या कार्यकर्तीने आम्हाला साध्या शब्दांत समजावून सांगितले की, हिंजवडीहून पिंपरीला जाऊन येणे म्हणजे त्या मुलाचा एक दिवसाचा रोज बुडणे, मुकादमाला कारण सांगणे, आणि अनोळखी इमारतीत एकट्याने 'ते' केंद्र कोठे आहे असे विचारणे. चिठ्ठीबरोबर कोणी माणूस गेला असता, तर कदाचित तो पोहोचला असता.

तो सोबतचा माणूस रुग्णालयाला पगारावर नेमून मिळत नाही. तो त्याच वाटेने गेलेला असावा लागतो. सांगलीत 'संग्राम' संस्थेने १९९२ पासून हेच ओळखून काम केले. तेथे निरोध वाटणे आणि त्याचा आग्रह धरणे ही जबाबदारी देहविक्रय करणाऱ्या महिलांनीच उचलली, आणि १९९६ मध्ये त्यांची स्वतःची 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी राहिली. पुण्यात बुधवार पेठेतील महिलांचा 'सहेली संघ' आहे. बाधित व्यक्तींनी एकत्र येऊन उभारलेली राज्यव्यापी संघटनाही आहे. अमेरिकेतील डेन्व्हर येथे १९८३ मध्ये तेथील रुग्णांनी आमच्याविषयीच्या निर्णयांत आम्हाला स्थान हवे, अशी मागणी केली होती. ती मागणी आपल्याकडे या मंडळींनी प्रत्यक्ष कामातून सिद्ध केली. २०२० च्या टाळेबंदीत वाहने बंद असताना अनेक ठिकाणी औषधे रुग्णांच्या दारापर्यंत पोहोचली, ती अशाच कार्यकर्त्यांमुळे.

येथे आम्हाला आमची एक चूक कबूल केली पाहिजे. एके काळी आपल्याकडे बाधित रुग्णाच्या केसपेपरवर लाल शाईने खूण केली जात असे. कर्मचाऱ्यांनी काळजी घ्यावी, एवढाच हेतू होता. रांगेत बसलेल्या, स्वतः बाधित असलेल्या एका कार्यकर्त्याने ती खूण पाहिली आणि दुसऱ्याच दिवशी कार्यालयात येऊन सांगितले की, ती खूण तुमच्या कर्मचाऱ्यांच्या आधी बाकावरच्या शेजाऱ्याला वाचता येते. आम्ही ती पद्धत बंद केली. हातमोजे व सुयांविषयीची दक्षता प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत सारखीच घ्यायची, हा नियम केला. सुई टोचल्यास ७२ तासांच्या आत प्रतिबंधक औषध सुरू करण्याची व्यवस्था ठेवली. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही व एड्स कायद्याने संमतीशिवाय तपासणी करणे, माहिती उघड करणे आणि भेदभाव करणे यांस आता मनाईच केली आहे. वीस किंवा अधिक माणसे असलेल्या रुग्णालयात तक्रार अधिकारी नेमणेही बंधनकारक आहे. परंतु आमचे डोळे कायद्याच्या आधी त्या कार्यकर्त्याने उघडले, हे नमूद करणे आमचे कर्तव्य आहे.

आता जमाखर्चाकडे वळतो. या संस्थांना मिळणारे अनुदान मोजता येणाऱ्या गोष्टींसाठी असते. किती जणांना भेटलात, किती तपासण्या झाल्या, किती निरोध वाटले, असे रकाने त्यात असतात. रुग्णासोबत केंद्रावर दिवसभर बसणे, औषध सोडलेल्या माणसाच्या खोलीवर तीनदा जाणे, सासरच्यांनी बाहेर काढलेल्या विधवेला संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरून देणे, यांना रकाना नसतो. हप्ता लांबला की कार्यकर्त्यांचे तुटपुंजे मानधन थांबते आणि वर्षानुवर्षांचा अनुभव असलेला माणूस पोटासाठी दुसरीकडे जातो.

म्हणून आपण दोन कामे हाती घेतली. पहिले काम असे की, आपला लेखा विभाग दर शनिवारी या संस्थांच्या कार्यकर्त्यांना कीर्द, खतावणी, उपयोगिता प्रमाणपत्रे आणि धर्मादाय आयुक्तांकडे सादर करावयाची विवरणे तयार करण्यास मदत करतो. हिशेबातील उणिवेमुळे चांगल्या संस्थेचे अनुदान अडू नये, एवढाच त्यामागचा उद्देश. दुसरे, आपल्या अंदाजपत्रकात 'सोबत' या नावाचे एक खाते उघडले. त्यातून रुग्णाचा व कार्यकर्त्याचा बसप्रवास, दुपारचे जेवण आणि बुडालेल्या रोजाची अंशतः भरपाई दिली जाते. रुग्णालयात भरती होण्याची वेळ आल्यास पात्र रुग्णांसाठी निर्धन रुग्ण निधी आहेच.

या खात्यावर लेखापरीक्षकांनी रास्त आक्षेप घेतला. लाभार्थीचे नाव व सही नसेल, तर ते व्हाउचर कसले? नाव घातले, तर गुप्तता संपली. आम्ही स्वतः हिशेबनीस असल्याने हा पेच आमच्या जिव्हाळ्याचा होता. अखेर व्हाउचरवर सांकेतिक क्रमांक आणि संस्थेच्या कार्यकर्त्याची सही घ्यावी, आणि क्रमांकांची यादी समुपदेशकाच्या कुलूपबंद कपाटात ठेवावी, असे ठरले. लेखापरीक्षकांनी ते मान्य केले, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत.

आपल्या परिसरातील कंपन्या यंत्रसामग्रीसाठी उदारपणे देणग्या देतात. यंत्रावर देणगीदाराच्या नावाची पाटी लागते. 'सोबत' खात्यावर पाटी लावता येत नाही, आणि ज्याला मदत झाली तो कोण हे देणगीदाराला कधीच कळणार नाही. हे सर्व समजून घेऊन जे देऊ शकतील, त्यांनी अवश्य द्यावे, अशी आमची नम्र विनंती आहे.

पुढील वर्षासाठी या खात्याची तरतूद वाढवावी, आणि चाकण व तळेगाव भागातील मालमोटारचालकांमध्ये काम करणाऱ्या संस्थांनाही त्यात सामावून घ्यावे, असा प्रस्ताव आम्ही विश्वस्त मंडळापुढे ठेवीत आहोत. आमच्या नोंदवहीतील 'पुढे पाठविले' हा शेराही आम्ही बदलला आहे. आता तेथे 'पोहोचले' असे लिहावे लागते, आणि तसा निरोप कार्यकर्त्याकडून येईपर्यंत तो रकाना कोरा राहतो. तो भरून देणाऱ्या आपणा सर्वांचे रुग्णालयाच्या वतीने मनःपूर्वक आभार मानून आम्ही आमचे भाषण संपवितो.