दोन भाषांचा हिशेब



संयोजकांनी मला विषय सुचवला तो असा : माणसाला एक भाषा येण्यात लाभ जास्त की दोन येण्यात? मराठी संमेलनात या प्रश्नाचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. अध्यक्षानं बहुभाषिकतेचा गौरव करायचा, सभागृहानं टाळ्या वाजवायच्या, आणि संध्याकाळच्या ठरावांत मराठीखेरीज दुसऱ्या भाषेचं नावही येऊ द्यायचं नाही. म्हणून मी आधी एकभाषिकाची बाजू मांडतो. तिला सहसा वकील मिळत नाही.

एकाच भाषेत वाढलेल्या माणसाला नेमका शब्द लवकर सापडतो. दोन भाषा रोज वापरणाऱ्यांना 'अगदी ओठावर आहे, पण आठवत नाही' असा अनुभव जास्त वेळा येतो, हे मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगांतून वारंवार दाखवलं आहे. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाचा शब्दसंग्रह, एकेक भाषा वेगळी काढून मोजला तर, एकभाषिक मुलापेक्षा थोडा कमी भरतो. यात नवल नाही. दिवसाचे तास तेवढेच, ते दोन भाषांत वाटले जातात. आणि खोलीचं म्हणाल तर बहिणाबाई चौधरींचं नाव घेतलं की पुरे. अक्षरओळख नसलेल्या या बाईंनी लेवा गणबोलीत रचलेली गाणी मुलानं, सोपानदेवांनी, उतरवून ठेवली आणि १९५२ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, ती पुस्तकरूपानं आली. चार भाषा येणाऱ्या किती कवींना ते साधलं?

तेव्हा एका भाषेला तुच्छ लेखण्याचं कारण नाही. मात्र एका भाषेवर आयुष्य काढण्याची सोय सगळ्यांना सारखी मिळत नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशात सुमारे २६ टक्के लोकांना दोन भाषा येतात आणि ७ टक्क्यांना तीन. यांत हिंदी मातृभाषा असलेल्यांचं प्रमाण बरंच खाली आहे आणि कोकणी बोलणाऱ्यांचं बरंच वर. हिंदीवाला आळशी आणि कोकणी माणूस हुशार, असा याचा अर्थ काढू नका. ज्याची भाषा बाजारात, कचेरीत आणि रेल्वेत चालते त्याला दुसरी शिकावी लागत नाही. ज्याची चालत नाही तो शिकतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, मी पुन्हा तिच्याकडे येणार आहे.

आता दुसरी बाजू. गेली वीस वर्षं वर्तमानपत्रांतून आपण वाचतो की दोन भाषा येणाऱ्यांचा मेंदू तल्लख होतो. या दाव्याचा इतिहास मोठा गमतीचा आहे. १९२३ मध्ये सेअर नावाच्या संशोधकानं वेल्समधल्या मुलांच्या बुद्धीच्या चाचण्या घेतल्या आणि खेड्यांतली द्विभाषिक मुलं मागे पडतात असा निष्कर्ष काढला. शहरांतल्या मुलांत मात्र त्याला तसा फरक दिसला नव्हता, पण तिकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. पुढची चाळीस वर्षं 'दोन भाषांनी पोर गोंधळतं' हे शास्त्र म्हणून सांगितलं गेलं. १९६२ मध्ये मॉन्ट्रियलमध्ये पील आणि लॅम्बर्ट यांनी सारख्या आर्थिक स्तरातली मुलं निवडून चाचण्या घेतल्या, तेव्हा द्विभाषिक मुलंच पुढे निघाली. तोवर गरिबीचं खापर भाषेवर फुटत होतं, असा याचा सरळ अर्थ.

पुढे टोरांटोच्या एलन बियालिस्टॉक यांनी दाखवायला सुरुवात केली की द्विभाषिक माणूस लक्ष विचलित करणाऱ्या गोष्टी बाजूला सारण्यात सरस असतो. मग उत्साहाला भरतं आलं आणि पाठोपाठ शंकाही आल्या. फरक दाखवणारे निबंध छापून येतात आणि फरक न दिसलेले टेबलाच्या खणात राहतात, हे २०१५ मध्ये एका अभ्यासानं उघडं केलं. २०२० मध्ये अकरा हजारांवर लोकांच्या चाचण्यांत द्विभाषिकांना म्हणण्यासारखी आघाडी दिसली नाही. म्हणून तल्लखपणाच्या आशेनं कुणी मुलाला दुसरी भाषा शिकवत असेल तर मी त्याला सांगेन, बुद्धिबळ शिकवा. अर्थात त्याचीही खात्री मी देत नाही.

एक अभ्यास मात्र मला बाजूला टाकवत नाही, कारण तो आपल्या मातीतला आहे. हैदराबादमध्ये सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. द्विभाषिक रुग्णांत आजाराची लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झाली होती. २०१३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. परदेशातल्या अशा अभ्यासांवर आक्षेप असतो की तिथला द्विभाषिक बहुधा स्थलांतरित असतो, शिक्षणही वेगळं असतं. हैदराबादेत तेलुगू, उर्दू, हिंदी बोलणारे लोक तिथलेच, आणि कधी शाळेत न गेलेल्या रुग्णांतही फरक दिसला. दोनाऐवजी तीन-चार भाषा आल्यानं मात्र आणखी फायदा झाला नव्हता. चार भाषांचा टेंभा मिरवणाऱ्या माझ्यासारख्यांनी याची नोंद घ्यावी. हाही एकच अभ्यास आहे, त्यावर सगळा डोलारा उभा करू नये.

प्रयोगशाळेतून बाहेर येऊ. आपण बसलो आहोत तिथून जवळच कुपवाड आहे. आज ते सांगली-मिरजेबरोबर एका महापालिकेत आहे, कारखान्यांचं गाव आहे. जगातल्या भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला मात्र ते वेगळ्या कारणासाठी ठाऊक असतं. १९७१ मध्ये जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी या गावावर निबंध लिहिला. तेव्हा गावाची वस्ती तीनेक हजारांची होती. जैन आणि लिंगायतांच्या घरांत कन्नड, मुसलमानांच्या घरांत उर्दू, दलितांच्या घरांत मराठी, काही घरांत तेलुगू. शेतात, चावडीवर, देण्याघेण्यात माणसं दिवसभर या भाषेतून त्या भाषेत जात. आणि शतकानुशतकांच्या या येण्याजाण्यानं झालं असं की शब्द ज्याचे त्याचे राहिले, पण वाक्यांची ठेवण सगळ्यांची एक झाली. आम्ही आणि आपण हा मराठीतला भेद तिथल्या उर्दूनं उचलला. 'हे माझं घर' एवढ्यावर थांबणाऱ्या कन्नडनं तिथे 'आहे' जोडायला सुरुवात केली. व्याकरण जवळजवळ एकच, त्यावर शब्द बदलायचे, इतक्या जवळ या भाषा आल्या.

असं असूनही कुणाची घरची भाषा मेली नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. दुसरी भाषा अंगणापर्यंत येई, उंबऱ्याच्या आत ज्याची त्याची चाले. त्या गावात समता होती असं मी म्हणणार नाही. उंबरे वेगळे राहिले त्याला जातच कारण होती, आणि त्या व्यवस्थेचं कौतुक करण्याइतका मी भाबडा नाही. पण भाषेपुरतं बोलायचं तर दुसरी शिकण्यासाठी पहिली गहाण टाकावी लागत नव्हती. चार दशकांनंतर सोनल कुलकर्णी-जोशी यांनी कुपवाडच्या भाषांचा पुन्हा अभ्यास केला. भाषावार प्रांतरचना, शाळा आणि प्रमाणभाषा यांचा दाब त्यांच्या मांडणीत दिसतो. मराठी राज्याची भाषा झाली आणि तिचं वजन वाढलं.

वजनाचा हा मुद्दा त्याच लॅम्बर्टनं पुढे नेला. १९६५ मध्ये मॉन्ट्रियलजवळच्या एका उपनगरात इंग्रजी घरांतल्या मुलांना बालवाडीपासून फ्रेंचमधून शिकवायला सुरुवात झाली. मुलं फ्रेंच शिकली आणि त्यांच्या इंग्रजीचं काही बिघडलं नाही, असं लॅम्बर्टला दिसलं. याचा दाखला आजही इंग्रजी शाळांचे चालक देतात, मूल कोणत्याही माध्यमात टाका, मातृभाषा कुठे जाते! पण ती मुलं इंग्रजी बोलणारी होती. शाळेबाहेर सगळा खंडच इंग्रजीत बोलत होता. दुबळ्या भाषेतल्या मुलाला बलवान भाषेच्या शाळेत टाकलं की उलटं घडतं, दुसरी येते आणि पहिली खंगत जाते. लॅम्बर्टनं म्हणूनच भर घालणारी द्विभाषिकता आणि वजा करणारी द्विभाषिकता असे दोन प्रकार केले. 'एक की दोन' या प्रश्नापेक्षा मला हा भेद कामाचा वाटतो. बेरीज होत असेल तर दोन भाषा केव्हाही बऱ्या. वजाबाकी होत असेल तर हातात दोन अर्ध्या भाषा उरतात. इंग्रजी माध्यमातली आपली कितीतरी मुलं आज त्या अर्ध्यांवर उभी आहेत, मराठी वाचता येत नाही आणि इंग्रजीत विचार करता येत नाही.

लेखकांत बेरजेची उदाहरणं पुष्कळ आहेत. बेंद्र्यांच्या घरची भाषा मराठी, १९७३ चा ज्ञानपीठ मिळाला तो कन्नड कवी म्हणून. मुक्तिबोध बंधूंपैकी गजानन माधव हिंदीचे झाले आणि शरच्चंद्र मराठीचे. अरुण कोलटकरांनी मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत लिहिलं आणि दोन्हींकडे तेच कोलटकर राहिले. ही माणसं दुसऱ्या भाषेत गेली ती पहिली पक्की असताना.

इथवर तुम्ही माना डोलावल्यात. आता जे बोलतो ते कदाचित रुचणार नाही. इंग्रजीपुढे आपण दुबळे आहोत हे खरं. एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा निर्णय आला तेव्हा महाराष्ट्र उठला, आणि जूनअखेर तो मागे घ्यायला लावला. मीही त्या विरोधात होतो. पण मेळघाटातल्या कोरकू मुलापुढे, धडगावच्या भिली बोलणाऱ्या पोरीपुढे, तांड्यावरच्या बंजारा मुलापुढे बलवान कोण? आपण. पहिलीच्या वर्गात ते मूल गप्प बसतं, आणि आपण त्याला मंद ठरवतो. सेअरनं वेल्समध्ये तेच केलं होतं. गडचिरोलीतल्या मोहगावात ग्रामसभांनी २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली, तर तिला मान्यतेसाठी झगडावं लागलं. मुंबईत मराठी शाळा बंद पडल्यावर आपल्याला येतो तो संताप मोहगावसाठी का आला नाही?

तसंच कन्नडचं. कर्नाटकाबरोबरचा सीमाप्रश्न माझ्याही मनात आहे, त्यावरच्या महाजन अहवालानं झालेला अन्याय मी विसरलेलो नाही. तो लढा न्यायालयात आणि विधिमंडळात जरूर चालू द्या. पण त्यापायी या पट्ट्यातल्या मराठी लेखकाला शेजारची कादंबरी आज इंग्रजी अनुवादातून वाचावी लागते. आपल्या आजोबांना कन्नड बोलता येत होतं, आपल्याला वाचताही येत नाही. ही वजाबाकी कुणी लादलेली नाही, ती आपली आपण केली.

संध्याकाळच्या ठरावांत म्हणून मला दोन ठराव हवे आहेत. पुढच्या संमेलनापासून एक पूर्ण सत्र कन्नड लेखकांचं, कन्नडमधून असावं. आणि आदिवासी भागात पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या शिक्षकाला मुलांची भाषा शिकण्यासाठी पगारी वेळ आणि वेतनवाढ मिळावी, अशी मागणी शासनाकडे जावी. दोन्ही ठराव मी मांडतो. अनुमोदक तुमच्यातून हवेत, नावं जेवणाच्या सुट्टीपूर्वी कार्यवाहांकडे द्या.