शिकविलेली भीती



आधुनिक मानसशास्त्राचा इतिहास १८७९ साली वुंट यांनी लायप्झिग येथे स्थापन केलेल्या प्रयोगशाळेपासून सांगण्याचा प्रघात आहे. माणसाने आपल्याच मनात डोकावून काय दिसते ते सांगावे आणि शास्त्रज्ञाने ते टिपून घ्यावे, ही त्या काळची एक मुख्य पद्धत. १९१३ मध्ये वॉटसन या अमेरिकन पंडिताने तिच्याविरुद्ध बंड पुकारले. मन कोणाला दिसत नाही. दिसते ते वर्तन, तेवढेच पाहा, असा त्यांचा आग्रह होता.

या आग्रहातून १९२० साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग निघाला. आल्बर्ट या नावाने ओळखले जाणारे अकरा महिन्यांचे मूल पांढऱ्या उंदराशी निर्धास्त खेळत असे. त्याने उंदराला हात लावला, की वॉटसन आणि त्यांच्या सहकारी रेनर त्याच्या पाठीमागे लोखंडी कांबीवर हातोड्याचा घाव घालीत. सात वेळा असे झाल्यावर नुसता उंदीर दिसताच पोर रडू लागले. पुढे ते सशाला, कुत्र्याला, फरच्या कोटालाही भिऊ लागले. एका मुलावरून सिद्धान्त बांधणे धाडसाचेच. पण त्याहून बोचणारी गोष्ट अशी, की ती भीती काढून न टाकताच मूल निघून गेले.

मग घातलेली भीती काढता येते काय? याचे उत्तर मेरी कव्हर जोन्स या विदुषीने १९२४ मध्ये दिले. पीटर नावाचा, तीन वर्षांचाही न झालेला मुलगा सशाला भीत असे. तो आवडीचा खाऊ खात बसला, की पिंजऱ्यातला ससा त्या दूर आणून ठेवीत. मग दिवसेंदिवस थोडा जवळ. न भिणारी मुलेही त्याच्यासोबत असत. मध्यंतरी भीती पुन्हा उफाळली, तरी त्यांनी घाई केली नाही. अखेर पीटर सशाला कुरवाळू लागला. १९५८ साली वोल्पे यांनी मांडलेली भयनिवारणाची पद्धत याच वाटेने पुढे गेली.

आपल्या घरी मूल जेवत नाही, तेव्हा आपण सहज म्हणतो, "बागुलबुवा येईल हं!" घास तेवढ्यापुरता पोटात जातो, पण त्याच्याबरोबर आणखी काय जाते? भीती घालायला हातोड्याचे चार घाव पुरतात. ती काढायला मात्र खाऊ लागतो, सोबत लागते आणि पुष्कळ धीर लागतो. एवढे ध्यानात राहिले, तरी आजची संध्याकाळ सार्थकी लागली असे मी समजेन.