आधी मीटर, मग वीज

डिजिटल नमुना-आगगाडीच्या इंजिनात बोटाच्या पेराएवढा डिकोडर असतो. रुळांतून वीज आणि हुकूम एकदमच येतात. आपल्या क्रमांकाचा हुकूम तेवढा तो ऐकतो आणि मोटर फिरवतो.

अमेरिकेतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने तारांचे रंग ठरवले आहेत. तांबडी-काळी रुळांकडे, नारिंगी-करडी मोटरकडे. पांढरी पुढच्या दिव्याची, पिवळी मागच्या, निळी दोघांची सामाईक.

नारिंगी-करडीची अदलाबदल झाली, तर गाडी उलटी धावते, एवढंच. तारा बदलल्या की झालं! पण मोटरचं एखादं टोक धातूच्या सांगाड्याला टेकलेलं राहिलं, तर रुळांतली वीज भलत्याच वाटेने डिकोडरात शिरते आणि तो जळतो. माझा पहिला डिकोडर असाच गेला. घाई माझीच होती.

म्हणून डिकोडर जोडण्यापूर्वी मीटर लावून पाहावे. मोटरचे कोणतेही टोक आणि चाके यांत जोड दिसता कामा नये. दिसला, तर तिथे विद्युतरोधक पट्टी घालावी. उघडे सांधे झाकावेत. मग गाडी प्रथम प्रोग्रामिंगच्या रुळावर ठेवावी. तिथे वीज मर्यादित असते. क्रमांक विचारल्यावर इंजिनाने किंचित हिसके देऊन उत्तर दिलं, की समजावं, जोडणी बहुधा ठीक आहे.

शिक्षकबंधूंनो, विहिरीवरचा पंप असो वा शाळेतला प्रयोग, शिस्त हीच. मुलांच्या हाती तार देण्याआधी मीटर द्या.